चढावर पारखलेली जीप

आमच्या बाबांना बैलातलं कळायचं, एवढं सांगून भागत नाही. कळमनुरीच्या बाजारात ते एखाद्या बैलापुढं नुसते उभे राहिले तरी विकणाऱ्याच्या कपाळाला घाम फुटायचा. दात बघायचे, खूर बघायचे, पाठीवरून हात फिरवायचे, आणि शेवटी कान बैलाच्या नाकाजवळ नेऊन त्याचा दम ऐकायचे. वरच्या डोंगरातल्या कुठल्याही गावाला बैल घ्यायचा असला की आधी बाबांना निरोप यायचा. आमच्या घरी स्वतःची एकच जोडी होती, लाल कंधारी, पण तिच्याकडं बघून परक्या गावचे लोक रस्त्यात थांबायचे.

बाबांची शेवटची परीक्षा चढावर असायची. गाडीत दगड भरायचे, वर माणसं बसवायची, चाकं फिरू नयेत म्हणून त्यांना दोर आवळायचा, आणि बैल चढावर हाकायचे. गुडघे टेकले तरी चालतील, पण मागं फिरता कामा नये. वर पोचले की दगड तिथंच टाकून द्यायचे, माणसं उतरवायची आणि रिकामी गाडी हळूहळू खाली आणायची. चढून आलेल्या जनावरावर उताराचं ओझं घालायचं नाही, हा त्यांचा नियम. आमच्या घरातले देव केव्हाच गेले होते, आम्ही बुद्धाचे झालो होतो, पण हा नियम मात्र देवासारखा पाळला जायचा. पुढं सगळं रामायण घडलं ते या नियमापायीच.

गाव आमचं कळमनुरीच्या वरच्या अंगाला, डोंगरात. जिल्हा तेव्हा परभणी. खाली डांबरी सडक होती, आणि तिथून गावापर्यंत घाट. घाट म्हणजे काय, तर दुष्काळाच्या साली आम्हीच खडी फोडून केलेला रस्ता. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, आणि मी एकाच टोळीत होतो. डोक्यावर टोपलं, पायाखाली फुफाटा. घाटाच्या मधोमध एक अवघड वळण होतं, तिथं दरीच्या बाजूला कठडा बांधायचा ठरला होता. आक्कानं त्या कठड्यासाठी किती दगड वाहिले असतील, तिचं तिलाच माहीत. मग पाऊस पडला, मुकादम निघून गेला आणि कठडा राहिला तो राहिलाच. दोन पावसाळ्यांत वरची माती वाहून गेली. आक्का म्हणायची, "आपुन डोक्यावर वाहिलेले दगड आता आपल्यालाच ठेचा लावून राहिलेत." आणि स्वतःच हसायची. हसताना तोंडावर पदर घ्यायची तिला सवय होती.

त्याच वळणावर ती गेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. लेकरू आडवं आलं. सुईण हात धुऊन बाजूला झाली आणि म्हणाली, "माझ्यानं व्हनार न्हाई, दवाखान्यात न्या." बाबांनी गाडी जुंपली, खाली गवत, वर गोधडी. बैल पळवावेत तर आक्काला हिसके सोसत नव्हते, हळू न्यावेत तर जीव चालला होता. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. वळणाशी आल्यावर ती म्हणाली, "बाबा, जरा थांबवा." बाबांनी कासरा ओढला. बैल थांबले. परत निघालो तेव्हा गाडीत आक्का नव्हती, तिचं अंग होतं. तिचं लेकरू तिच्याबरोबरच गेलं.

त्यानंतर जे सुरू झालं ते ज्यांनी बघितलंय त्यांनाच पटेल. आमची जोडी त्या वळणाशी आली की थांबायची. जाताना थांबायची, येताना थांबायची. गाडी भरलेली असो, रिकामी असो. दुसऱ्या कुणाचे बैल असते तर त्यानं एक फटका दिला असता. बाबांनी कधी चाबूक उचलला नाही. कासरा सैल सोडून ते दरीकडं बघत बसायचे. मनाला आलं की बैल आपसूक निघायचे. गाडीत बसलेलं माणूस तेवढा वेळ बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही.

लोकांना काय, निमित्तच लागतं. पोटुशी बाई रस्त्यात गेली म्हणजे ती हडळ होते, असं कुजबुजायला लागले. वळणावर कुणी लिंबू ठेवी, कुणी हिरव्या बांगड्या ठेवी. अगं बायांनो, माझ्या आक्काला हडळ म्हणता? जिनं तुमच्या लेकरांना कडेवर घेऊन भाकरी चारली, तिला? एकदा एका बाईला बांगड्या ठेवताना मी पकडलं आणि असं झाडलं, असं झाडलं, की ती वर्षभर आमच्या अंगणात आली नाही. बाबा मात्र शांतपणे गाडीतून उतरायचे, लिंबू उचलून दरीत टाकायचे आणि म्हणायचे, "देव सोडले आपुन. मग भुतं काहून धरायची?" वाक्य ठणठणीत होतं. पण बैल थांबले की बाबांचा चेहरा कसा व्हायचा, ते मी बघितलंय.

माय तर उघडच बोलायची. दुपारी चुलीपुढं बसली असताना मान वर करून म्हणायची, "गाडीचा आवाज आला का गं?" गाडी तर अंगणात उभी असायची. मी म्हणायचे, "न्हाई माय." ती म्हणायची, "मग वळनावरच थांबली असंल." आणि भाकरी उलटायची.

अशात माझं लग्न झालं आणि मला दिवस गेले. माझं सासर हट्टा गावचं. सपाट मुलूख, घाट नाही की वळण नाही. सासू म्हणाली, "हितंच राहू द्या तिला. तुमच्या डोंगरात कशाला?" म्हातारीचं बराबर होतं. पण पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत, आणि त्याहून मोठी म्हणजे बाबांची जिद्द. बाबा सासूला म्हणाले, "एक लेक पोचवता आली न्हाई. ही पोचवतो. गाडीत न्हाई नेनार, मोटारीत नेतो." सातव्यात मला घेऊन आले. नववा लागला की हिंगोलीला मावशीकडं नेऊन ठेवायचं ठरलं. आणि मधे काही झालंच तर घाट झपाट्यानं उतरेल असं वाहन गावात पाहिजे, म्हणून बाबांनी अख्खं गाव उठवलं. पैसा कसा जमला ते मला विचारू नका, मला माहीत नाही. गावातल्या प्रत्येक घरातली एक तरी बाई त्या घाटानं घाबरवलेली होती, एवढं माहीत आहे.

मग कुठलं वाहन, यावर पारावर रोज वाद. एक म्हणे फटफटी घ्या, दगडाधोंड्यांतून मांजरासारखी जाते. माय आतून ओरडली, "आडवी पडलेली बाई फटफटीवर कशी बसवनार रं? पोत्यात घालून?" दुसरा म्हणे ट्रॅक्टर घ्या, शेतालाही होईल. बाबांनी ट्रॅक्टरवर बसून खालच्या गावापर्यंत एक चक्कर मारली, परत आल्यावर दोन दिवस कंबर धरून होते. म्हणाले, "ह्याच्यात धडधाकट माणसाचं बाळंतपन व्हईल." तिसरा पर्याय माझ्या चुलतभावानं काढला. तो फौजेतून सुटून आलेला, म्हणून सगळे त्याला फौजीच म्हणायचे. गावाला वाटायचं हा तोफा ओढायचा. खरं तर तो रसोड्याची गाडी चालवायचा, पीठ आणि कांदे पोचवायचा. पण गाडी येत होती, हे मोठं. तो म्हणाला, "काका, जीप बघू. चारी चाकं ओढतात. लष्करातून निघालेल्या जुन्या जीपा हिंगोलीत एका मिस्त्रीकडं येतात."

बाबा म्हणाले, "चल. पन पारखनार मी."

मीही गेले. गर्भार बाई कशाला, असं माय म्हणाली, पण बाबा म्हणाले, "हिलाच बसायचंय ना त्याच्यात? बसून बघू दे." मिस्त्री मुसलमान, पांढरी दाढी, बोलायला गोड. त्याच्या अंगणात दोन जीपा होत्या. एक हिरवीगार, नवा रंग, गाद्यांवर लाल रेक्झीन. दुसरी राखी, ठिकठिकाणी रंग उडालेला, टप फाटलेला. मला हिरवी आवडली, खोटं कशाला बोलू. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि तोंड फिरवलं. "शिंगं रंगवलेला बैल हाय हा. वय लपवायचंय." मिस्त्री हसला आणि म्हणाला, "चचा, आपकी नजर तेज है. इसकू मैं नइच देता था आपकू."

मग राखी जीप. बाबांनी चाकांवर थापा मारल्या, खाली वाकून पोट बघितलं, टायरची नक्षी बोटानं चाचपली. "खूर बरे हायेत." मिस्त्रीनं टोपण उघडून इंजिन चालू केलं तर बाबांनी डोळे मिटून कान जवळ नेला. मला हसू आवरेना. फौजी मला कोपरानं ढोसून म्हणाला, "आता दात बघतील." पण बाबा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "दम चांगला हाय. घरघर न्हाई."

शेवटी चढ. गावाबाहेर एक दगडाची खदान होती, तिचा रस्ता आमच्या घाटासारखाच. जीपमधे बाबांनी दगड भरायला लावले, वर मिस्त्रीची दोन माणसं, बाबा स्वतः. मला खाली झाडाखाली बसवलं. फौजीनं गिअर टाकला आणि जीप गुरगुरत वर निघाली. दगड उडत होते, धूर निघत होता, पण ती थांबली नाही, मागं सरकली नाही. वर पोचल्यावर बाबांनी दोन्ही हात वर केले. आक्का गेल्यापासून त्यांना इतकं खुश मी बघितलं नव्हतं. फौजी म्हणत होता, "काका, आता असंच भरलेलं खाली घिऊन बघू." बाबांनी त्याच्यावर डोळे वटारले. "चढून आलंय ते! दगड टाका हितंच. उतरा सगळे." जीपच्या टोपणावर त्यांनी हात फिरवला, घाम पुसावा तसा. बाकीची माणसं चालत खाली आली आणि फौजीनं एकट्यानं रिकामी जीप दुसऱ्या बाजूच्या पसरट वाटेनं हळूहळू उतरवली. काकांपुढं बोलायची फौजीची टाप नव्हती. आणि खरं सांगायचं तर तेव्हा आम्हा सगळ्यांना बाबांचंच पटलं होतं.

जीप घेऊन घाट चढलो तेव्हा गावातली अर्धी माणसं वळणापाशी उभी होती. माय होती. सगळ्यांना वाटत होतं, आता ही थांबणार. जीप वळणावर आली, गुरगुरली आणि सरळ पुढं गेली. पोरांनी टाळ्या पिटल्या. मायच्या डोळ्यांना धार लागली. म्हणाली, "थांबली न्हाई गं." मी म्हटलं, "माय, ती यंत्र हाय. तिला काय माहीत?" माय म्हणाली, "तेच तर." दिवसभर तिनं जीपकडं बघितलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात उताराचं कळलं. फौजी ज्वारीची पोती भरून खाली निघाला. घाटाच्या तोंडाशीच पहिला गिअर खाडकन निसटला. चढावर जोर लागला की गिअर पक्का बसायचा, उतारावर मागून भार आला की बाहेर फेकला जायचा. ब्रेक होते, पण घाटाच्या उताराला ते पुरे पडेनात. फौजीनं प्रसंगावधान राखून जीप डोंगराच्या अंगाला घातली म्हणून वाचला. कपाळाला खोक पडली. तो लंगडत घरी आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "काका, ही फक्त चढती. उतरत न्हाई."

मिस्त्रीला निरोप गेला. बिचारा दुसऱ्या दिवशी सायकल ढकलत वर आला, खोलून बघितलं, कान धरले. "चचा, चढाव पे तो मैं भी धोका खा गया. पार्ट हैदराबाद से मंगाना पडता. तब तक ढलान पे नक्को ले जाओ, खुदा के वास्ते." त्या दिवसापासून बाबा जीपच्या सावलीत जाऊन बसायला लागले. कुणी बैलासाठी बोलवायला आलं तर म्हणायचे, "दुसरा कुनी बघा." एकदा मी पाणी घेऊन गेले तर माझ्या पोटाकडं बघून म्हणाले, "जन्मभर चढच बघितला मी. दवाखाना तर उताराला होता ना गं?" मला इतकं भडभडून आलं की मी तांब्या तिथंच ठेवून आत पळाले.

जन्माला येणाऱ्या जिवाला मुहूर्त कळत नसतो. पार्ट आला नव्हता, नववा लागला नव्हता, आणि एका सकाळी माझ्या पोटात कळ आली. सुईण आली, तीच आक्काची सुईण. तिनं पोटावर हात ठेवला, फिरवला, आणि तिचा हात थांबला. तिनं मायकडं बघितलं. मीच ओरडले, "आडवं हाय का? बोल की बाई, आडवं हाय का?" ती रडायला लागली. मी घाबरले होते, लाज कसली. मला मरायचं नव्हतं. मला त्या वळणावर तर मुळीच मरायचं नव्हतं.

अंगणात बाबा आणि फौजी. बैलगाडी म्हणजे आक्कासारखंच होणार, हे दोघांना माहीत. जीप म्हणजे घाटात दरी. पण घाट एकदा उतरला की सपाट डांबरी, हिंगोली हाकेवर. बाबा थोडा वेळ दोन्हींकडं बघत उभे राहिले, बैलांकडं आणि जीपकडं. मग एकदम म्हणाले, "जीप पुढं. बैल मागं."

फौजीला कळेना. बाबांनी बैलांच्या शिंगांच्या मुळाशी पोत्याच्या चिंध्या गुंडाळल्या, त्यावर जू घट्ट आवळलं, आणि जुवाच्या मधोमध नाड्याचा जाड दोर बांधून त्याचं दुसरं टोक जीपच्या मागच्या कडीला अडकवलं. उतारावर भरली गाडी बैल शिंगांवर आणि मानेवरच तोलून धरतो. आता गाडी बैलांच्या पुढं गेली होती, एवढाच फरक. "आवरून धरतील," बाबा म्हणाले. "उतारावर ओझं घालू नये म्हनत आलो. आज घालतो." त्यांनी दोन्ही बैलांच्या कपाळाला हात लावला.

मला मागं गोधडीवर आडवं केलं. माय माझ्या उशाशी. फौजीनं पहिला गिअर टाकून दांडा एका हातानं दाबून धरला. मागं बाबा बैलांच्या मधोमध, कासरा हातात. असं आमचं बिऱ्हाड घाटाला लागलं. ज्या वाहनाला चारी चाकं ओढतात म्हणून आणलं, त्याला मागं ओढायला दोन बैल. एरवी मी पोट धरून हसले असते. मी पोट धरलंच होतं, पण ते वेगळ्या कारणानं.

पहिला उतार नीट गेला. दोर ताणला जायचा, सैल व्हायचा, परत ताणला जायचा. उघड्या मागच्या बाजूनं मला बैलांची डोकी दिसत होती, फुगलेल्या नाकपुड्या, आणि मधे बाबांचं फटकूर बांधलेलं डोकं. कळ आली की मी डोळे मिटायचे. उघडले की पुन्हा तीच तीन डोकी. मला त्यांचाच धीर होता.

वळणाच्या वरच्या अंगाला तो आवाज झाला. खाड. फौजी किंचाळला, "निसटला! काका, निसटला!" ब्रेक दाबला तरी जीप सुटली. मागचा दोर इतका ताणला की बैलांच्या माना पुढं ओढल्या गेल्या आणि ते दगडांवरून फरफटत यायला लागले. बाबा पडले, उठले, परत पडले. माय माझ्या अंगावर आडवी झाली. समोर वळण होतं, आणि कठडा नव्हता. आक्कानं दगड वाहिलेला, कुणीही न बांधलेला तो कठडा नव्हता.

आणि बैल थांबले.

कुणी आवाज दिला नव्हता, कासरा बाबांच्या हातातून सुटला होता. ती त्यांची रोजची जागा होती, म्हणून ते थांबले. चारी खूर दगडांत रोवून, माना खाली घालून, जसे दोन वर्षं थांबत आले तसेच. दोर करकरला. जीपला एक झटका बसला, ती मागून तिरकी झाली आणि उभी राहिली. फौजी उडी मारून उतरला आणि चाकांपुढं दगड लावायला लागला. दगडांना तिथं काय तोटा.

माय माझ्या अंगावरून उठत म्हणाली, "तिनंच धरली." बाबा धापा टाकत आले, दोन्ही कोपरं सोललेली. म्हणाले, "बैलांनी धरली." फौजीनं गिअर परत बसवला, आता दांड्याला दोरीही आवळली. चाकांपुढचे दगड काढायला सज्ज होऊन म्हणाला, "काका, हाका."

बाबांनी बैलांना चुचकारलं. बैल हलले नाहीत.

ती त्यांची थांबायची जागा होती, आणि बाबांनीच त्यांना शिकवलं होतं की इथं कुणी घाई करत नाही. बाबांनी कासरा ओढला. पाठीवर थाप मारली. बैल दरीकडं बघत उभे. मला एकावर एक कळा येत होत्या. मी म्हटलं, "बाबा, चला ना." मग ओरडले. तीच जागा, तेच आभाळ, तीच माय उशाशी. मला वाटलं, झालं. आता मी पण इथंच. जीपमधे माझ्या पायाशी कुणीतरी बसलंय, तोंडावर पदर घेऊन, असं मला वाटत होतं, आणि त्याचं भय वाटत नव्हतं, हेच मला भयंकर वाटत होतं. फौजी म्हणाला, "काका, चाबूक मारा! दोर तोडू का?" दोर तोडला असता तर पुढचा उतार कुणी आवरला असता?

बाबांनी चाबूक हातात घेतला. घेतला आणि खाली टाकला. बैलांना सोडून ते वळणाच्या कडेला गेले, जिथं लोक लिंबं ठेवायचे तिथं. आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. देव सोडलेला, भुतं सोडलेला माझा बाप दरीला हात जोडून म्हणाला, "आक्के, तुझ्या बापाला उतार कळला न्हाई गं. तुझी धाकटी हाय आत. तिला अडवू नको. तुला एकटीला हितं ठिवून आमी रोज गेलो, ते चुकलं. चल, तूबी बस. आज संगटच जाऊ दवाखान्यात."

मग ते परत आले आणि मायला म्हणाले, "सरक जरा. जागा दे तिला."

माय सरकली. मीही पाय आखडले. कसे आखडले, कुणास ठाऊक.

बाबांनी कासऱ्याला हात लावायच्या आधीच बैलांनी पाय उचलला. त्यांना तेवढ्यात निघावंसं वाटलं असेल. बैलच ते. मी काही म्हणत नाही.

फौजीनं चाकांपुढचे दगड काढले, पळत जाऊन दांडा धरला आणि राहिलेला उतार पार झाला. खाली डांबरीवर दोर सोडला. बैलांच्या शिंगांच्या मुळाशी रक्त आलं होतं. बाबांनी त्यांना तिथल्या एका ओळखीच्या माणसाच्या हवाली केलं आणि उडी मारून फौजीशेजारी बसले. सपाटीला जीप कशी पळाली म्हणता! दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोट बघितलं आणि सरळ आत नेलं. शुद्धीवर आले तेव्हा शेजारी लेक होती, एवढीशी, आठव्या महिन्याची, पण आवाज असा की सगळा वॉर्ड जागा. बाबा दाराशी उभे होते. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना मनाई, म्हणून तिथूनच म्हणाले, "दम चांगला हाय."

आम्ही हिंगोलीत असतानाच पार्ट आला आणि मिस्त्रीनं जीप नीट करून दिली. बाबांनी ती भरून, माणसं बसवून, चढवली आणि उतरवलीही. मगच आम्हाला बसू दिलं.

घाट चढत वळणाशी आलो. बैल घरी होते, तरी फौजीनं आपणहून जीप थांबवली आणि इंजिन बंद केलं. माझी लेक माझ्याजवळ झोपली होती. मायनं हळूच विचारलं, "अहो, तिची जागा आली. उतरवायचं का तिला?"

बाबा पुढं बसले होते. त्यांनी मागं वळून बघितलं, मायच्या आणि माझ्या मधल्या रिकाम्या गादीकडं. मग बाहेर वळणाकडं बघितलं.

"हितं उतरवून काय करू?" ते म्हणाले. "बसायला कठडाबी न्हाई. घरी येऊ दे तिला."

फौजीनं गिअर टाकला. मी लेकीला उचलून मांडीवर घेतलं आणि सरकून आणखी थोडी जागा केली.